पहिला बाक सोडताना

१२ जानेवारी

प्रिय आत्या,

माझं पत्र बघून तू चष्मा शोधायला धावशील. घरात फोन असताना ही बया लिहीत का बसली, असं म्हणशील. पण आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तिथे कुणी ना कुणी असतंच. आई शिवणयंत्रावर, बाबा उत्तरपत्रिका तपासत, नाहीतर कुणाच्या तरी मुलाचे वडील ‘सर, जरा बोलायचं होतं’ म्हणत खुर्चीच्या टोकावर. मला जे बोलायचंय ते सगळ्यांदेखत बोलता येणार नाही.

तर ऐक. तुझ्या घरामागे टेकडीवर जी खाजगी शाळा आहे, तिथे मला पुढच्या वर्षी नववीला यायचंय. तुझ्याकडे राहून. त्यांचं माहितीपत्रक वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात सापडलं. त्यांची प्रयोगशाळा आमच्या चार वर्गांएवढी आहे. वाचनालयात शिडी लावून पुस्तकं काढावी लागतात. पोहायला तलाव आहे. परीक्षा घेतात, तीत वर आलं तर फी माफ. ती मी देईन, त्याची काळजी नको. फक्त बाहेरगावच्या मुलांना गावात राहणारा एक पालक लागतो. तू होशील?

बाबांना अजून काही बोलले नाहीये. ते तुझं ऐकतात (म्हणजे निदान तुझ्याशी वाद घालत नाहीत), म्हणून आधी तुलाच विचारतेय. मी कपडे धुईन, भाजी आणीन, तू झोपलीस की आवाज करणार नाही. कळव.

तुझी,
खारूताई

२० जानेवारी

खारूताई,

पत्र मिळालं. चष्मा डोक्यावरच होता.

मला वाटलं होतं, मी तुला खारूताई म्हणते हे तुला आता आठवत नसेल. सही बघून बरं वाटलं. तर आता मुद्द्याचं.

मंगळवारी माझी सुट्टी असते. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आठवडाभर चादरींच्या वाफेत उभं राहिल्यावर त्या दिवशी मी कुणाचंही काम करत नाही. तुझ्यासाठी टेकडी चढले. गुडघ्यांनी तुझं नाव घेतलं. तिथल्या मुख्याध्यापिकांना भेटले. बाई बारीक चणीच्या, बोलणं मोजकं, पण चहा पाजला. म्हणाल्या, शाळा बघून घ्या. मी बघितली. प्रयोगशाळेला कुलूप आहे. छत गळतं म्हणून वर्षभर बंद, आत बाकड्यांचा ढीग. तलावात पाणी नाही, एक माळी त्यात बसून डबा खात होता. वाचनालयाची शिडी मात्र खरी आहे.

हे मी तुला नाउमेद करायला लिहीत नाही. शाळा चांगली वाटली. मुलं शिक्षकांशी हुज्जत घालत होती आणि शिक्षक चिडत नव्हते. पण बाईंनी मला विचारलं, ‘मुलीला इथेच का यायचंय?’ आणि मी तुझ्या पत्रातलं सांगायला तोंड उघडलं तर सांगायला शिडीच उरली होती. मी म्हणाले, विचारून सांगते.

तर विचारते. खरं काय आहे? आणि दादा फोन का घेत नाही हल्ली? मागच्या वेळी तूच उचललास, त्याआधी वहिनी. वहिनीचा घसा बसल्यासारखा वाटत होता. डॉक्टरला दाखवलं का?

आत्या

२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

टेकडी चढलीस! मी तुझे गुडघे चेपून देईन, नक्की.

आईचा घसा बरा आहे. म्हणजे बसलेलाच असतो. डॉक्टर म्हणाले, कमी बोला. बाबा कामात असतात म्हणून फोन घेत नाहीत.

खरं सांगते. प्रयोगशाळा बंद असली तरी मला यायचंय. तुला माहीतच आहे, मी बाबांच्या शाळेत आहे. इथे मला माझं नाव नाही. मी ‘मोठ्या सरांची’. चांगले गुण पडले की बाबांनी आधी प्रश्न सांगितले असणार, आणि कमी पडले की ‘मोठ्या सरांची असून?’ मधल्या सुट्टीत मुली काहीतरी बोलत असतात, मी गेले की अभ्यासाबद्दल बोलायला लागतात. एकदा मागच्या बाकावरच्या मुलांनी पंख्याच्या पात्यावर खडूची पूड ठेवली होती. सगळ्या वर्गाला माहीत होतं. मी सोडून. पंखा लावायला बाबांनी मलाच सांगितलं.

तू कधी अशा ठिकाणी गेलीयेस का, जिथे तू कुणाचीच नव्हतीस? मला तसं बघायचंय. मला कुणीतरी विचारावं, ‘तू कोण?’ आणि मी सांगावं. बाईंना एवढं सांगितलंस तर चालेल ना?

तुझी,
खारूताई

१० फेब्रुवारी

खारूताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि रागावले. राग उतरल्यावर लिहायचं ठरवलं होतं, पण उतरत नाहीये, तर असंच लिहिते.

मला कुणाचीच नसण्याची चांगली ओळख आहे. मी इथे आले तेव्हा या गावात मला ओळखणारा एक माणूस नव्हता. पहिल्या महिन्यात लॉन्ड्रीतल्या बायका मला ‘ए नवी’ म्हणायच्या. तेव्हा दादा दर रविवारी गाडीचे धक्के खात यायचा. येऊन काही बोलायचा नाही. खिडकीचा कडी-कोयंडा बसवायचा, दिव्याची वायर बघायचा, आणि जाताना म्हणायचा, ‘ठके, दाराला आतून कडी लाव.’ मी कुणाची आहे, हे एवढ्यात मला कळायचं.

त्याची शाळा तीन खोल्यांची होती, तेव्हा त्याने ती हातात घेतली. आज दहावीपर्यंत आहे. तिथल्या भिंतीला रंग नसेल. शिडीही नसेल. पण मोठ्या सरांची म्हणवून घेण्यात एवढं काय दुखतं तुझं? स्पष्ट विचारते. तुला त्याची लाज वाटते का? वाटत असेल तर तसं लिही. मग मी टेकडी पुन्हा चढायची की नाही ते ठरवेन. आणि मोठ्या सरांची मुलगी जर त्यांच्याच शाळेतून काढून बाहेर पाठवली, तर उद्या बाकीचे पालक काय करतील, याचा विचार केलास?

आत्या

१७ फेब्रुवारी

आत्या,

लाज नाही वाटत. असं परत लिहू नकोस. मी रडले, आणि आईला सांगावं लागलं की डोळ्यात काहीतरी गेलं.

आता सगळंच लिहिते. पण तू कुणाला सांगायचं नाहीस. बाबांना तर मुळीच नाही.

बाबांना ऐकू येत नाही. अगदीच येत नाही असं नाही. समोरून मोठ्याने बोललं तर येतं. पण मागून नाही, आणि वर्गात पंखा चालू असेल तर काहीच नाही. म्हणून ते फोन घेत नाहीत. म्हणून आईचा घसा बसतो. घरात आम्ही दोघी ओरडूनच बोलतो आणि दोघीही त्याबद्दल बोलत नाही. मी एकदा आईला म्हटलं, कानाचं यंत्र आणू या. आई म्हणाली, ‘त्यांना आपणहून वाटू दे. माणूस मानी आहे, दुखावेल.’

वर्गात काय होतं ते सांगते. मुलांनी ओळखलंय. एक जण उभा राहतो आणि नुसते ओठ हलवतो, आवाजच काढत नाही. बाबा म्हणतात, ‘शाबास, बस.’ मग सगळे तोंडावर वह्या धरून हसतात. ती मुलं वाईट नाहीत, आत्या. दुसऱ्या कुणाचे बाबा असते तर मीही हसले असते.

पण एकदा काय झालं, आमच्या वर्गात एक अगदी गरीब स्वभावाची मुलगी आहे, ती उभी राहून म्हणाली, ‘सर, पोटात खूप दुखतंय, घरी जाऊ?’ आणि बाबा म्हणाले, ‘अगदी बरोबर! आता याच्या पुढची पायरी कोण सांगेल?’ वर्ग फुटला हसून. ती तशीच उभी. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मी उठले आणि जोरात म्हणाले, ‘बाबा, तिच्या पोटात दुखतंय, तिला घरी जायचंय.’ वर्गात ‘सर’ म्हणायचं असतं, ते विसरले.

त्या दिवसापासून मी पहिल्या बाकावर बसते. कुणी काही विचारलं की ते मी परत मोठ्याने म्हणते, जणू मलाच विचारायचंय. बाबा मला उत्तर देतात, ज्याने विचारलं त्याला ते मिळतं. ओठ हलवणाऱ्यांचं आता जमत नाही. मला सगळे ‘कर्णा’ म्हणतात. देवळावर लावतात तो, आवाजाचा. म्हणू देत. पण आत्या, दिवसभर माझं लक्ष दुसऱ्यांच्या तोंडाकडे असतं. घरी येऊन मला एक शब्द बोलावासा वाटत नाही आणि घरीही ओरडावंच लागतं.

मला तिथे यायचंय, कारण मला हे बघायचं नाहीये. आणि मी आले की बाबांचं काय होईल, तेही मला माहीत आहे. म्हणून मी प्रयोगशाळा लिहिली होती.

आता तूच सांग, चढायची की नाही टेकडी.

खारूताई

२६ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार घालायला जागा नाही, खोलीत चादरी वाळत घातल्यात, म्हणून उभ्यानेच नमस्कार.

बऱ्याच दिवसांत तुझा आवाज ऐकला नाही. कामात असतोस असं समजते. मी बरी आहे. लॉन्ड्रीत नवी यंत्रं आलीत, त्यांचा आवाज असा की आम्ही बायका दिवसभर हातवारे करून बोलतो. घरी आल्यावरही माझे हात थांबत नाहीत.

एक विचारायचं होतं. इथली टेकडीवरची शाळा चांगली आहे म्हणतात. खारूताई हुशार आहे. नववीपासून तिला माझ्याकडे ठेवली तर? मला सोबत होईल. हे माझ्याच डोक्यातून आलंय, तिला काही बोलू नकोस. तुला वाईट वाटणार असेल तर विषय सोडून देऊ. तुझी तब्येत कशी आहे, तेही लिही. नीट लिही. ‘ठीक’ एवढंच लिहिलंस तर मी गाडीत बसून येईन.

तुझी,
ठकी

६ मार्च

प्रिय ठके,

तू खोटं बोलायला लागलीस की तुझी वाक्यं लहान होतात. लहानपणापासून आहे हे. तेव्हा ‘माझ्याच डोक्यातून आलंय’ हे मी वजा करून पुढे जातो.

तिने तुला लिहिलं असेल, याचा मला आनंद आहे. ती लिहील अशीच माझी अपेक्षा होती. त्या शाळेचं माहितीपत्रक मीच मागवलं. एकदा वर्तमानपत्रात ठेवलं, ते तिच्या आईने रद्दीत दिलं. पुन्हा मागवून पुन्हा ठेवलं. समोर बसून ‘तू जा’ म्हणालो असतो, तर तिने कारण विचारलं असतं, आणि ते सांगायचा धीर मला नव्हता.

कारण असं आहे. मला कमी ऐकू येतं. दोन वर्षं तरी झाली. सुरुवातीला मला पत्ता नव्हता. उलट मला वाटायचं, हा वर्ग फार स्पष्ट बोलतो. पूर्वीची मुलं पुटपुटायची, ही कशी खणखणीत प्रश्न विचारतात! मग आपली पोर तापाने आजारी पडली आणि काही दिवस शाळेत आली नाही. त्या दिवसांत वर्गात मला एकही प्रश्न आला नाही. मुलं उभी राहायची, बसायची, हसायची. मी फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो, ठके, आणि तेव्हा कळलं की दोन वर्षं मला फक्त एकच आवाज ऐकू येत होता.

माझ्या मुलीने माझे कान व्हायचं ठरवलं आणि मला सांगितलं नाही. कळल्यावर मीही तिला सांगितलं नाही. हे त्याहून वाईट. यंत्र लावलं की मुलं काय म्हणतील, संस्थेतली मंडळी निवृत्त व्हा म्हणतील का, असले विचार करत बसलो. ती पहिल्या बाकावर असेपर्यंत माझं निभतं. निभतं म्हणून मी काही करत नाही. मी भित्रा आहे, हे मला चालेल. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर बसून भित्रा राहणं चालणार नाही.

म्हणून तिला तू घेऊन जा. ती गेली की मला काहीतरी करावंच लागेल. मात्र यातलं तिला काही कळू देऊ नकोस. मला कळलंय हे समजलं तर ती जाणारच नाही.

तब्येत ठीक. (हे एवढंच लिहिलेलं नाही, तेव्हा गाडीत बसू नकोस.)

दादा

१२ मार्च

दादास आणि खारूताईस, दोघांना मिळून,

पाकिटावर मुद्दाम दोघांची नावं घातलीत. दोघांनी एकत्र बसून वाचायचं. वहिनीलाही बसवा.

माझ्याकडे दोन पत्रं आहेत. एक मुलीचं, एक बापाचं. दोन्हींत तीच गोष्ट लिहिली आहे. दोन्हींत खाली लिहिलंय, दुसऱ्याला सांगू नकोस. मी तीन रात्री ही दोन पत्रं उशीखाली घेऊन झोपतेय. काल लॉन्ड्रीत मी डॉक्टरांचे कोट चादरींच्या ढिगात टाकले, साहेब ओरडले. माझी झोप आणि नोकरी तुमच्यापायी जायची वेळ आलीय.

मी कुणाचं काही सांगणार नाही. वचन म्हणजे वचन. पण तुम्ही दोघं एकमेकांशी बोलल्याशिवाय मी कुणाला माझ्या घरात घेणार नाही, कुणाची पालक होणार नाही आणि टेकडी चढणार नाही. बाप मुलीला सोडवण्यासाठी घालवतोय आणि मुलगी बापाला बघवत नाही म्हणून पळतेय, आणि दोघं मिळून मला विचारतायत की शाळा कशी आहे!

शाळा चांगली आहे. तिचा यात काही संबंध नाही.

तुमची दोघांची,
ठकी / आत्या

९ एप्रिल

प्रिय आत्या,

तू वचन पाळलंस असं बाबा म्हणतात. आई म्हणते, ‘असं पाळायला अक्कल लागते.’

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. बाबांनी ते फोडलं नाही. घरी आणलं, जेवणं होईपर्यंत खिशात ठेवलं, आणि मग स्वयंपाकघरात आम्हाला दोघींना बसवून स्वतःच मोठ्याने वाचलं. वाचता वाचता ‘बापाचं’ या शब्दाशी थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते.

मग मी म्हणाले, ‘बाबा, तुम्हाला माहीत होतं?’

ते म्हणाले, ‘काय?’

मला वाटलं ते टाळतायत. पण ते टाळत नव्हते, मी हळू बोलले होते. मी परत मोठ्याने म्हणणार होते, तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर आले. म्हणाले, ‘ओरडू नकोस. तसंच हळू बोल. मी जवळ येतो.’ आणि आत्या, मग मला बोलताच येईना.

आईच बोलली. तिने भांड्यावर झाकण आपटलं आणि त्या बसलेल्या घशाने म्हणाली, ‘दोघांनीही ऐका. मी सगळ्यांना जपता जपता माझा आवाज घालवलाय. उद्या डॉक्टर. तिघंही.’ तिघं कशाला ते मला कळलं नाही, पण आम्ही तिघंही गेलो.

यंत्राचं माप घेतलंय. ते यायला वेळ आहे. पण बाबा थांबले नाहीत. सोमवारी वर्गात आले, पंखा बंद केला, आणि म्हणाले, ‘मला कमी ऐकू येतं. ज्याला विचारायचं असेल त्याने हात वर करायचा, मी त्याच्या बाकाशी येईन.’ मग बाबा त्या ओठ हलवणाऱ्या मुलापाशी गेले आणि म्हणाले, ‘मागे एकदा तू उभा राहून काहीतरी बोललास. ते परत सांग.’ तो लालबुंद. म्हणाला, ‘सर, काही नाही. नुसते ओठ हलवत होतो.’ बाबा म्हणाले, ‘असं होय! मग मी बरोबर ऐकलं होतं.’

सगळे हसले. तोही हसला. मी पण हसले, आत्या, वर्गात पहिल्यांदा.

मग त्यांनी मला शेवटच्या बाकावर जायला सांगितलं. खिडकीशी. मी दिवसभर तिथे बसले, एक शब्द बोलले नाही, आणि गणिताच्या तासाला लक्षात आलं की मला ते गणित समजलेलंच नाही. मागची कितीतरी समजलेली नाहीत. मी इतक्यांचे प्रश्न मोठ्याने म्हटले, आणि माझा प्रश्न कुठला होता ते मी बघितलंच नाही. मी हात वर केला. बाबा बाकाशी आले. म्हणाले, ‘बोल.’ मला विचारताही येईना नीट. कुठून अडलंय तेच कळेना.

म्हणून सांगते. मला अजूनही तिथे यायचंय. आता पळून नाही. बाबांचं आता मी नसताना चालेल, हे बघितलं. उलट मी समोर असले की ते अजूनही आधी माझ्याकडे बघतात, आणि मीही उठायच्या बेतात असते. सवय आहे दोघांना. आणि मला स्वतःचं अडलेलं स्वतः विचारून बघायचंय, जिथे मी चुकले तर ते फक्त माझंच असेल. हे मी बाबांना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. दिसलं मला. पण म्हणाले, ‘हे कारण बरं आहे. पत्रक ठेवलं तेव्हा माझ्याकडे याच्यापेक्षा वाईट होतं.’

परीक्षेला आम्ही २१ तारखेला येतोय.

तुझी,
खारूताई

२८ एप्रिल

दादा,

दोघं सुखरूप पोचलात असं कळलं.

परीक्षेनंतर बाईंनी तिला आत एकटीला बोलावलं होतं ना, ते मी मंगळवारी जाऊन विचारून आले. तुला माझा स्वभाव माहीत आहे. बाई म्हणाल्या, मी तिला विचारलं, इथेच का? तर म्हणाली, ‘मला प्रश्न विचारायचे आहेत.’ बाई म्हणाल्या, ‘कोणते?’ तर म्हणे, ‘तुमची प्रयोगशाळा कधी उघडणार?’

बाई मला हे सांगताना हसत होत्या, पण छताचं काम जूनच्या आत करायचं ठरलंय, असंही म्हणाल्या. मुलगी घेतलीय. फी माफ. पत्र तुला येईलच, मला राहवलं नाही.

मी मधला पडदा काढून खिडकीशी तिचं टेबल लावलंय. मी बघितलं, जाताना तू त्या खिडकीची कडी हलवून बघत होतास. घट्ट आहे ती. तूच बसवलेली आहे.

ठकी

१४ जून

प्रिय ठके,

ती तुझ्याकडे आल्याला आठवडा झाला. तिचं पत्र आलं. वर्गाबद्दल दोन पानं, तुझ्या गुडघ्यांबद्दल एक. बरी आहे असं लिहिलंय. तू काही वेगळं बघत असशील तर मला कळव, पण तिला विचारत बसू नकोस.

यंत्र मे महिन्याच्या शेवटी आलं, हे तुला माहीत आहे. बसवलं त्या दिवशी घरी येताना मला रस्ता सहन होईना. माझ्याच चपलांचा आवाज! शाळेत सुट्टीतल्या जादा तासाला कळलं, खडू फळ्यावर एवढा किंचाळतो हे मी विसरलो होतो. मुलं इतकी वर्षं कशी सहन करत होती कोण जाणे. तिची आई काम करताना गुणगुणते, हेही मला नव्याने कळलं. म्हटलं, कधीपासून? म्हणाली, लग्न झाल्यापासून. संस्थेच्या मंडळींनी बैठकीत माझ्या कानाकडे बघितलं, मग टेबलाकडे बघितलं, आणि पुढचा विषय घेतला. एवढ्यासाठी मी दोन वर्षं घाबरत होतो.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. मुलीबद्दल.

यंत्र आलं त्या संध्याकाळी ती माझ्याशी काहीतरी बोलली, सवयीने ओरडून. मी कान धरला. आम्ही दोघं हसलो. मग ती हळू बोलली, आणि मी बघत राहिलो. ठके, तिचा आवाज बदललाय. माझ्या डोक्यात होता तो लहान मुलीचा होता, चिरका. हा आवाज खालचा आहे, थोडा जाड, शब्द संपताना जरा रेंगाळतो. ती मोठी झाली हे मला डोळ्यांनी दिसलं होतं, पण ऐकलं नव्हतं. आणि मग जेमतेम आठवडा उरला होता. मी तिला काहीबाही वाचून दाखवायला सांगायचो. वर्तमानपत्र, विजेचं बिल, काहीही. ती म्हणायची, बाबा, तुम्हाला वाचता येतं ना? मी म्हणायचो, डोळे दुखतायत.

गाडीवर सोडायला गेलो तेव्हा मी सामान वर चढवत होतो. माझी पाठ होती. ती आईजवळ उभी राहून म्हणाली, अगदी हळू, आपल्याला कुणी ऐकत नाही अशा समजुतीने, ‘आई, मला नाही जायचं. भीती वाटतेय. पण बाबांना सांगू नकोस.’

मला शब्द न् शब्द ऐकू आला.

मी वळलो असतो तर ती गाडीत बसलीच नसती. मला तिला घरी परत न्यायचं होतं, हे तुला सांगून ठेवतो. हात बॅगेवर तसाच राहिला. मग मी बॅग आत सरकवली, पट्टा आवळला आणि वळायच्या आधी तोंड नेहमीसारखं केलं. ऐकू न आल्याचा चेहरा मला चांगला जमतो. म्हणालो, ‘चल, बस आता. गाडी सुटेल.’

ती बसली. खिडकीतून तिने हात हलवला तेव्हा हसत होती.

हे तू तिला सांगायचं नाहीस, असं यावेळी लिहीत नाही. तुला तो ताप पुन्हा नको. रविवारी मी येतोय, तेव्हा मी ते ऐकलं होतं हे मीच तिला सांगेन. रागवायचं असेल तर तेव्हाच रागावून घेईल.

दादा